अठ्ठेचाळीस तासांचे गिरडकर सर

सुरुवातीलाच माफी मागतो. माणसावर लिहायला आधी बरीच माणसं पाहिलेली असावी लागतात, आणि मी तर अजून नागपूरसुद्धा पुरतं पाहिलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. घरातलं आजवरचं सर्वात मोठं लेखन म्हणजे आईने बचत गटाच्या वहीत लिहिलेला सभेचा वृत्तान्त, तोही दीड पान. पण आमचे गिरडकर सर या वर्षी निवृत्त होत आहेत. त्यांच्यावर कोण लिहील, असं वर्गात विचारलं तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला मान खाली घालायला थोडा उशीर झाला. म्हणून हे धाडस.

सरांना पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, या माणसाच्या हातांवर एखाद्या पोराने पाटी समजून आकडे गिरवले आहेत. दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, निळ्या बॉलपेनने आखलेले चौकोन असतात. प्रत्येकाला नंबर. एका चौकोनात कुठलंसं क्रीम, दुसऱ्यात शाम्पूचं पाणी, तिसऱ्यात लिपस्टिक. वर चिकटपट्टी. अठ्ठेचाळीस तासांनी पट्टी काढायची आणि खालची कातडी लाल झाली का ते पाहायचं. याला पॅच टेस्ट म्हणतात. जग ती एकदा करतं, सर ती बारा महिने करतात. त्यासाठी ते थंडीतही अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालतात.

एका लग्नात शेजारी बसलेल्या चिमुरडीने सरांच्या हातावरचे चौकोन पाहिले आणि पेन काढून मधल्या चौकोनात फुल्ली मारली. मग सरांनी गोळा मारावा म्हणून पेन त्यांच्यापुढे धरलं. सरांनी गोळा मारला. डाव ती जिंकली. सोमवारी सरांच्या रजिस्टरमध्ये आम्ही वाचलं, 'चौकोन पाच : बाहेरचा हस्तक्षेप. चाचणी रद्द.'

आमचा अभ्यासक्रम सौंदर्यप्रसाधनांचा आहे. मौद्याजवळच्या आमच्या गावात मी हे सांगितलं तेव्हा मावसभाऊ म्हणाला, "म्हणजे पार्लर टाकशील का बे?" मी नाही म्हणालो, पण मग काय करणार ते मलाही सांगता आलं नाही. सर या अभ्यासक्रमातलं सर्वात कमी सुंदर प्रकरण शिकवतात : सुरक्षा चाचणी आणि लेबल. म्हणजे वस्तू कातडीला त्रास देते का, आणि डबीवर जे लिहिलंय ते खरं आहे का.

पहिल्या तासाला ते एक पोतं घेऊन आले आणि टेबलावर रिकामं केलं. भंगारवाल्याकडून आणलेल्या शंभरेक रिकाम्या डब्या, बाटल्या, ट्यूबा. म्हणाले, "भरलेली बाटली सगळेच पाहते. मी तुमाले रिकामी वाचाले शिकवतो." एका ट्यूबवर लिहिलं होतं, सात दिवसांत उजळ त्वचा. सरांनी ती माझ्यापुढे धरली. मला ते नावाने हाक मारत नाहीत, गावाने मारतात.

"मौदा, सातव्या दिवशी कोणी मोजलं?"

मी ट्यूब उलटीपालटी करून पाहिली.

"कशानं मोजलं? कोणाच्या तोंडावर?"

'कोणाच्या तोंडावर' हा प्रश्न सर कशालाही विचारतात. हवामान खात्याने सांगितलं की उद्या पारा उतरेल, तरी सर म्हणतात, "कोणाच्या तोंडावर?"

लेबलाच्या बाबतीत सरांचा एक नियम आम्हाला झोपेतही म्हणता येतो. जे वजनाने जास्त ते आधी लिहायचं, मग त्याहून कमी, मग त्याहून कमी. स्टाफरूममध्ये कोणी संत्रा बर्फी आणली की सर आधी डबा उलटा करतात. तोवर बाकीचे हात आखडून बसतात. "साखर, दूध पावडर, तूप, ग्लुकोज, संत्रा," सर वाचतात. "संत्रा पाचव्या नंबरवर. हे साखरेचं लग्न आहे गा. संत्रा आहेर घेऊन आला अन् फोटोत घुसला." मग स्वतः दोन तुकडे खातात.

पण सरांची खरी ओळख म्हणजे अठ्ठेचाळीस तास. पॅच टेस्टचा हा नियम त्यांनी आयुष्याला लावला आहे. सरांना काहीही विचारा, उत्तर एकच. "अठ्ठेचाळीस तासांनी सांगतो." सहलीला येणार का? अठ्ठेचाळीस तासांनी सांगतो. सहल रामटेकला एका दिवसाची होती. आम्ही परत येऊन दुसऱ्या दिवशी वर्गात बसलो तेव्हा सर आले आणि म्हणाले, "हाव, येतो मी." शिपाई मामा चहा विचारताना आता दोन दिवस आधी विचारतात.

याचं कारण सर असं देतात : "पहिल्या तासात कातडी कोणालेच 'नाही' म्हणत नाही. तिचा राग हळू येते. माणसाचंबी तसंच आहे. लगेच हो म्हणणारा माणूस अजून लाल व्हाचा असते."

आमच्या वर्गातल्या ऋचाने एकदा स्वतःचा हात पुढे केला. "सर, तुमच्या हातावर जागा उरली नाही. माझा घ्या." सरांनी तिचा हात मागे सारला. "विद्यार्थ्याचं 'हो' खरं धराचं नसते. त्या 'हो'मध्ये मार्क राहते." विद्यार्थ्यावर नाही, शिपायावर नाही, ज्याला आपल्याला नाही म्हणता येत नाही अशा कोणावरच चाचणी करायची नाही. उरतं कोण? सर स्वतः.

आणि स्वतःवर करतानाही सर संमतीपत्र भरतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. टेबलाच्या एका बाजूला बसून ते मोठ्याने विचारतात, "तुमी आपल्या मर्जीनं भाग घेऊन राहिले का? कोणाचा दबाव तं नाही?" मग उठतात, दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसतात, विचार करतात आणि म्हणतात, "नाही जी." मग सही. एका मंगळवारी दुसऱ्या खुर्चीतले सर म्हणाले, "आज मन नाही." चाचणी त्या दिवशी झालीच नाही.

त्या कागदाखाली तीन रकाने असतात. चाचणी देणारा, चाचणी घेणारा, वाचणारा. पहिल्या दोनांत सरांच्याच दोन सह्या. तिसऱ्या रकान्यात सर एक आडवी रेघ मारतात. ती रेघ का, हे आम्ही कधी विचारलं नाही.

आता माझ्या आईकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे सुरू होते.

आईच्या गटात पाच बायका आहेत. मागच्या संत्र्यांच्या हंगामात त्यांनी रसवाल्यांकडून पोती भरभरून साली आणल्या, छतावर वाळवल्या, चक्कीवर दळल्या, आणि मसूर, आंबेहळद, हळद घालून उटणं केलं. येत्या दिवाळीला विकायचं ठरलं. पाचही जणींनी त्यात आपला हिवाळा घातला होता. गावात चेष्टा सुरू झाली होती. कोणी म्हणे, 'साली खाणारी ढोरं पाहिली, विकणाऱ्या बाया पहिल्यांदा पाहून राहिलो.' आई मला म्हणाली, "तू हेच शिकून राहिला ना रे बाबू? मग तुह्या सरले दाखव. सर हो म्हणाले का आमी परवान्याचा अर्ज टाकतो. नाही म्हणाले तं पोतं उकिरड्यावर. एखाद्या नवरीचं तोंड जळलं तं मले गावात तोंड दाखवाले जागा राहणार नाही."

मी पुडी घेऊन गेलो. सरांनी आधी लेबल वाचलं. आईने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : हळद, आंबेहळद, संत्र्याची साल, मसूर.

"हळद किती?"

"चिमूटभर, सर."

"मसूर?"

"अर्ध्याहून जास्त."

"मग हळदीले पहिली कुर्सी कोणी देल्ली?"

मी सरांना आईचा फोन लावून दिला. आई घाबरेल असं मला वाटलं होतं. ती घाबरली नाही.

"सर, हळद देवाची. तिचा मान पहिला. मसूर काय, भरीले टाकतो. लग्नपत्रिकेत बँडवाल्याचं नाव नवरदेवाच्या आधी छापते का कोणी?"

सरांनी पुडी पुन्हा उलटून पाहिली. मग म्हणाले, "बाई, तुमच्या पत्रिकेत वजनानं बँडवालाच जास्त आहे."

"असन. पण पत्रिका वजनानं नाही छापत."

शेवटी तडजोड झाली. घटकांची यादी वजनाने, आणि वर पुडीच्या नावात हळदीचा मान. उटण्याचं नाव 'हळदबाई' ठेवावं हे सरांनीच सुचवलं. मात्र चाचणीबद्दल ते म्हणाले, "अठ्ठेचाळीस तासांनी सांगतो."

त्यांना साल नडत होती. संत्र्यावर फवारणी असते आणि या बायकांनी साली धुतल्या होत्या की नव्हत्या हे धड कोणालाच आठवत नव्हतं. म्हणून आम्ही प्रयोगशाळेत चार नमुने केले. नंबर एक, नुसतं पाणी; नंबर दोन, साल न धुतलेलीच धरून आईचं आहे ते उटणं; नंबर तीन, सालीचा उरलेला साठा धुऊन वाळवून केलेलं उटणं; नंबर चार, नुसता मसूर. नमुने मी स्वतः कालवले.

अठ्ठेचाळीस तास गेले. आठवडा गेला. दोन आठवडे गेले. आई रोज संध्याकाळी फोन करायची. "सर काय म्हणते?" मी रोज नवीन कारण सांगायचो. माझ्या मनात यायचं, सर मोठ्या माणसांसारखे टाळत आहेत. माझ्यासारख्याच्या आईच्या पुडीसाठी कोण थांबतं?

एका रविवारी मी हिंमत करून नागपुरातच मानेवाड्याला सरांच्या घरी गेलो. सर एकटेच होते. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर लेबल होतं, पण अक्षर सरांचं नव्हतं. 'तिखट. भरलं होळीच्या आधी. संपवा राखीच्या आत.' 'धने. भरले पोळ्याला. वास गेला तर सांगा.' मी पाहतोय हे पाहून सर म्हणाले, "मिसेसचं आहे. तिले तारखा पटत नव्हत्या. म्हणे, तारीख सगळ्या वर्षात सारखीच दिसते."

मग मी उटण्याचं विचारलं. म्हणजे विचारायचा प्रयत्न केला. माझं वाक्य अर्ध्यावर अडकलं, पण सरांना कळलं.

"हातावर होत नाही गा," ते म्हणाले आणि दोन्ही हात पुढे केले. "इतक्या वर्षांच्या चाचण्यांनी ही कातडी निगरगट्ट झाली. आता हिले काहीच लागत नाही. खोटी साक्ष देते. तुह्या मायचं उटणं हिच्यावर पास करणं म्हणजे फसवणूक."

"मग कुठे करायची, सर?"

"पाठीवर. खरी जागा तेच आहे. तिले ऊन लागत नाही, साबण पोचत नाही. खरं बोलते."

त्यांनी कपाटातून जुनी रजिस्टरं काढली. पानापानावर पाठीचा आराखडा, चौकोन, आणि शेजारी तेच डब्यांवरचं अक्षर. 'तीन नंबर लाल. कुंकवासारखा नाही, गेरूसारखा.' 'पाच नंबर, मुंगी चावल्यावानी, पण एकच मुंगी.' 'सगळी पाठ कोरी. खाजवू नका म्हटलं होतं, खाजवली आहे.' प्रत्येक पानाखाली तिसऱ्या रकान्यात सही होती. 'वाचणारी : सौ. कुसुम.'

"चौथी शिकली होती," सर म्हणाले. "पण तिच्यासारखं लाल कोणाले वाचता नाही आलं. वीस वर्षं वाचलं तिनं." एका रजिस्टरच्या मध्यावर ते अक्षर थांबलं होतं. पुढे सगळे हातांचेच आराखडे, आणि तिसऱ्या रकान्यात आडव्या रेघा.

"आरशात करून पाहिलं मी. दोन आरसे लावले. तीन नंबरची लाली एक नंबरवर लिहून बसलो." ते थोडं हसले. "पाठ वाचाले घरात दुसरं माणूस लागते गा."

"मी वाचतो, सर."

"तू विद्यार्थी. अन् नमुने तूच कालवले. वाचणाऱ्याले माहीत नसाव लागते का कोणत्या चौकोनात काय आहे."

"स्टाफमधले कोणी?"

"स्टाफरूममध्ये पाठ फिरवली का लोक बोलते. वाचत नाही."

मग मी जे बोललो ते कसं बोललो मला माहीत नाही. म्हणालो, "सर, माझे बाबा आहेत. त्यांना यातलं काहीच माहीत नाही. शिकलेले नाहीत, सही येते फक्त. पण औष्णिक केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर उभे असतात. चालत्या कोळशातला दगड ओळखायचं काम आहे त्यांचं." बोलून झाल्यावर मला लाज वाटली. प्राध्यापक माणसाला मी आमच्या टिनाच्या घरी, शर्ट काढून बसायला बोलावत होतो.

सर म्हणाले, "अठ्ठेचाळीस तासांनी सांगतो."

त्यानंतर परीक्षा झाली, मे महिना लागला आणि मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात प्रशिक्षणाला गेलो. तिथे फोन गेटवर जमा करावा लागतो. संध्याकाळी परत मिळतो. सरांचं उत्तर आलं नव्हतं. मी मनातून ते सोडून दिलं होतं.

एका शुक्रवारी संध्याकाळी फोन हातात घेतला तर आईचे नऊ मिस्ड कॉल.

"अरे, तुहे सर आले."

"कुठे?"

"घरी. एसटीनं. पाठीवर पट्ट्या लावून बसले. लावून कोणी देल्ल्या म्हणशीन तं तुह्या बाबानं, नुसते नंबर पाहून; आत काय आहे ते सरनं त्याले सांगतलंच नाही. दोन दिवस आंगधुणं बंद आहे म्हणते. पट्ट्या ओल्या होते म्हणे."

आमच्या घरात आंघोळीशिवाय ताट वाढत नाहीत. मी भीतभीत विचारलं, "मग जेवायला?"

"काय करू मंग? देवाले सांगतलं, हा माणूस शिक्षणासाठी पारोसा आहे, याले माफ कर. अन् वाढलं."

शनिवारी संध्याकाळी आईची तक्रार वेगळी होती. मौद्याचं ऊन, त्यात घामाने पट्ट्या सुटतील म्हणून बाबांनी घरातला एकुलता एक कूलर सरांच्या पाठीकडे तोंड करून लावला होता. सर भिंतीकडे तोंड करून बसून होते आणि बाकी सगळं घर अंगणात निंबाखाली. गटाच्या बाकीच्या चारही बायका येऊन पाठ पाहून गेल्या, पण बाबांनी कोणालाच जवळ जाऊ दिलं नाही. "तुहा बाप रात्रपाळी सोडून पाहारा देऊन राहिला. सरनं त्याले संमतीचा कागद वाचून दाखवला. 'तुमच्यावर कोणाचा दबाव तं नाही?' असं विचारलं. तो म्हणे, 'बायकोचा आहे जी.' सरनं तेबी लिहून घेतलं."

रविवारी आमची सुट्टी नव्हती. कारखान्यात दिवसभर मी एकाच मशीनकडे पाहत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर चार चौकोन होते. दोन नंबर लाल आला तर न धुतलेल्या सालीची पोती उकिरड्यावर जाणार. तीन नंबरसुद्धा लाल आला तर सगळंच जाणार, आणि आईचा हिवाळाही.

सात वाजता गेटवर फोन मिळाला. आईने एक फोटो पाठवला होता. संमतीपत्राचा. खाली रजिस्टरमध्ये असतो तसा पाठीचा आराखडा, आणि शेजारी सरांच्या अक्षरात बाबांचे शब्द, जसेच्या तसे : 'दोन नंबर लाल. निखाऱ्यासारखा नाही, गाजरासारखा. बाकी तिन्ही कोरे.'

तीन नंबर कोरा होता. धुतलेल्या सालीचं उटणं पास झालं होतं. मग पुन्हा फोटो पाहिला. तिसऱ्या रकान्यात रेघ नव्हती. गेटपासवर करतात तशी, एकेक अक्षर टेकत टेकत केलेली बाबांची सही होती.

मी आईला फोन लावला. तिला सगळं आधीच कळलं होतं. साली तीन पाण्यांतून धुवायच्या, एका माणसाच्या पाठीवर भागत नाही, पुढची चाचणी प्रयोगशाळेतून करून घ्यायची आणि मग परवान्याचा अर्ज, हे सगळं सरांनी तिला लिहून दिलं होतं.

"सर निघाले का?" मी विचारलं.

"कुठं निघते? पट्ट्या काढून दोन दिवसांनी अजून एकदा वाचाव लागते म्हणे. राग उशिराबी येते म्हणे कातडीले. आज आंग धुतलं त्यायनं, तासभर. आता दोघं खाटेवर बसून कोळशाच्या गोष्टी करून राहिले."

मग ती म्हणाली, "तुह्या बाबानं विचारलं त्यायले. म्हणे, 'सर, आता कॉलेज सुटन तुमचं. तरीबी महिन्याचे महिन्याले पाठ घेऊन येत जा ना इकडं. मी वाचत जाईन.'"

"मग? सर काय म्हणाले?"

"येतो म्हणाले."

मी विचारलं, "किती वेळाने म्हणाले, माय?"

"किती वेळानं म्हणजे?" आई म्हणाली. "हातातला चहा खाली ठेवाच्या आधी."